जॅझ ट्रंपेटवादन, मुंबईतील

जॅझ ट्रंपेटवादन, मुंबईतील : ट्रंपेट या पितळी सुषिर वाद्यावर जॅझ पद्धतीने केलेल्या प्रत्यक्ष वादनाची मुंबई शहरातील परंपरा. तिचा आरंभ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत झाला. गोमंतकीय वादकांनी ती आत्मसात केली, हिंदी चित्रपटसंगीताने तिला आश्रय दिला आणि त्या वाटेने तिचा नाद मुंबईबाहेर, महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचला. मूळ स्वरूपातील वादन मात्र फार थोड्या श्रोत्यांच्या कानी पडले. हॉटेलांच्या जाहिराती, ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या, चित्रपटांतील दोनचार दृश्ये आणि वृद्ध वादकांच्या आठवणी एवढ्याच सामग्रीवरून या परंपरेचा इतिहास जुळवावा लागतो. तो बराच काळ कोणी जुळवलाही नाही. मुंबईच्या सांगीतिक इतिहासात संगीत नाटक, ख्यालगायन आणि लावणी यांची जेवढी दखल घेतली गेली, तिच्या दशांशानेही या वादकांची घेतली गेलेली नाही.

ट्रंपेट म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची, गुंडाळलेली पितळी नळी. तिच्या एका टोकास ओठांना टेकवावयाची लहान वाटी व दुसऱ्या टोकास पसरट कर्णा असतो. आवाज पत्तीमुळे नव्हे, तर वादकाच्या ओठांच्या कंपनामुळे निर्माण होतो. या बाबतीत ट्रंपेट सनईपेक्षा तुतारीला जवळचा. तुतारीतून नैसर्गिक श्रेणीतील मोजकेच स्वर निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झडपांचा शोध लागला आणि तीन झडपांच्या साहाय्याने नळीची लांबी क्षणार्धात कमीअधिक करून सर्व बारा स्वर वाजविणे ट्रंपेटवादकाला शक्य झाले. झडप अर्धवट दाबून स्वर घसरविणे, घशातून गुरगुर मिसळणे, कर्ण्यापुढे रबरी वाटी किंवा धातूचा ‘म्यूट’ धरून आवाजाला मानवी बोलण्याचा भास देणे, ही तंत्रे प्रामुख्याने जॅझच्या वादकांनी वाढविली. मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला हे वादन चटकन आपलेसे वाटते, त्याचे एक कारण या तंत्रांत आहे.

जॅझचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, आफ्रिकी-अमेरिकी वादकांमध्ये झाला. तेथे लग्न, मिरवणूक आणि अंत्ययात्रा यांत वाजणारे पितळी बँड होते. त्यांतील कॉर्नेट व ट्रंपेट ही धून वाहून नेणारी वाद्ये जॅझमध्येही अग्रभागी राहिली. लूइस आर्मस्ट्राँग (१९०१–७१) याने १९२५ ते १९२८ या काळातील आपल्या ध्वनिमुद्रणांत सामूहिक वादनातून एकट्या वादकाचा उत्स्फूर्त विस्तार वेगळा काढला व त्याला केंद्रस्थान दिले. हा विस्तार आपल्याकडील उपजेसारखाच आयत्या वेळी सुचणारा असतो. पण त्याचा आधार राग हा नसून गीताच्या पाठीशी क्रमाने फिरत राहणारे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, हा असतो. आवर्तनागणिक कॉर्ड ठराविक जागी बदलतात आणि वादकाला प्रत्येक वळणावर त्यांच्याशी सुसंगत असे नवे काही सांगावे लागते. लिहिलेले वाजविणाऱ्या वादकाला हे कौशल्य आपोआप येत नाही. मुंबईतील परंपरेचा खरा पेच येथेच होता.

भारतातील जॅझच्या सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणांचा मान कलकत्त्याकडे जातो. तेथील ग्रँड हॉटेलातील जिमी लेक्वाइम या कॅनडीय ट्रंपेटवादकाच्या वाद्यवृंदाने १९२६ मध्ये तबकडी ध्वनिमुद्रित केली होती. मुंबईत १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलाने (स्थापना १९०३) लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा सर्वस्वी आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा वाद्यवृंद आणला व शहराला अस्सल जॅझ प्रथमच प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले. या वृंदात क्रिकेट स्मिथ हा वयाने ज्येष्ठ ट्रंपेटवादक होता. पहिल्या महायुद्धापूर्वी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप याच्या प्रसिद्ध वृंदात त्याने वादन केले होते. जॅझ हे नाव रूढ होण्याआधीची पिढी त्याच्या रूपाने अपोलो बंदरावर उतरली, असे म्हणता येईल. पुढील हंगामात बिल कोलमन (१९०४–८१) हा तरुण व अत्यंत सफाईदार ट्रंपेटवादक ॲबीबरोबर आला. स्मिथ भारतातच राहिला, त्याने स्वतःचा वृंद चालविला व मुंबईत ध्वनिमुद्रणेही केली. त्याच्यानंतर वृंदाची सूत्रे टेडी वेदरफर्ड या पियानोवादकाकडे गेली. वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यास पटकीने वारला. मायदेशात वर्णभेदाने गांजलेल्या या कलावंतांना मुंबईत मान व पगार दोन्ही मिळाले. मात्र ज्या दालनात ते वाजवीत तेथे साहेब, संस्थानिक आणि पारशी धनिक यांखेरीज फारसे कोणी जाऊ शकत नव्हते. गिरणगावातील वा गिरगावातील मराठी माणसाला ताजच्या नृत्यगृहातील वादन ऐकू आले असेल, तर ते रस्त्यावरून.

ही कला उचलली ती गोमंतकीयांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहगायन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण दिले जाई. उपजीविकेसाठी मुंबईत आलेली ही मुले धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांतील आपापल्या गावांच्या ‘कुडां’त उतरत आणि मूकपटांच्या चित्रगृहांत, लष्करी व पोलीस बँडांत किंवा नृत्यवृंदांत काम मिळवीत. समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजविण्यात त्यांचा हात धरणारे शहरात कोणी नव्हते. कागदावर नसलेले वाजविणे मात्र त्यांना शिकावे लागले आणि ते त्यांनी अमेरिकी वादकांच्या सहवासात व तबकड्यांवरून, कानाने शिकून घेतले. एकच आवर्तन पुनःपुन्हा लावून ते ओठांवर बसविणे ही त्यांची तालीम होती. मिकी कोरिया या सॅक्सोफोनवादकाचा वृंद १९३९ ते १९६० अशी एकवीस वर्षे ताजमध्ये होता आणि अनेक गोमंतकीय वादकांची घडण त्याच्या हाताखाली झाली. उन्हाळ्यात मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी व हिवाळ्यात मुंबई–कलकत्त्यास, असा या वादकांचा वर्षक्रम असे.

या सर्वांत ट्रंपेटवादक म्हणून ज्याचे नाव आजही निघते तो चिक चॉकलेट (१९१६–६७). मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ. जन्म बार्देश तालुक्यातील हळदोणे येथे. आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. त्याच्यासारखा भरदार, टोकाला किंचित थरथरणारा स्वर, तीच खरखरीत गायकी आणि हातात तोच पांढरा रुमाल. ‘भारताचा लूइस आर्मस्ट्राँग’ ही बिरुदावली त्याला सहज मिळाली. तिचा एक तोटा असा झाला, की त्याच्याकडे अनुकरणकार म्हणून पाहण्याची सवय लागली. त्याच्या उपलब्ध तबकड्या ऐकता हे मत टिकत नाही. आर्मस्ट्राँगची लकब तो उचलतो हे खरे. पण त्याची वाक्ये अधिक आटोपशीर आहेत, आणि नर्तकांची पावले चुकू न देता विस्तार करण्याचे त्याचे भान वेगळे आहे. ‘चिक अँड द म्यूझिक मेकर्स’ या त्याच्या वृंदाने ताजमध्ये व अन्यत्र लोकप्रियता मिळविली.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानंतर मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हॉटेलांतील नृत्यगृहांचा हिशेब मद्यावर बसत असे, तो कोलमडला. पुष्कळ वादकांची रात्रीची कामे कमी झाली. याच सुमारास बोलपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते आणि स्वरलेखन वाचणाऱ्या हातांची तेथे गरज होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या नसत्या, तर ताजमधील ट्रंपेट ताजमध्येच विरून गेला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चित्रपटसृष्टीत त्याला सर्वांत मोकळे दार उघडले ते एका मराठी संगीतकाराने. सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–८२) यांचा जन्म अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथला. नाशिकहून निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरावरून वाहत जाणारी गोदावरी पुढे कोपरगाव ओलांडून या गावी पोहोचते. त्यांचे शिक्षण विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे, गांधर्व महाविद्यालयाच्या शिस्तीत झाले होते. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे त्यांना वाटणारे आकर्षण ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटात स्पष्ट दिसले. त्यांनी चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून जवळ केले. भगवान (भगवान आबाजी पालव, १९१३–२००२) यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील नृत्यगीतात चिक व त्याचे सहकारी लॅटिन अमेरिकी थाटाचे झालरीचे कपडे घालून पडद्यावरच अवतरले आहेत. मुंबईच्या जॅझवादकांचे डोळ्यांनी पाहता येण्याजोगे जे थोडे चित्रण शिल्लक आहे, त्यातील हे एक महत्त्वाचे होय. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गीतात स्विंग पद्धतीची लय आणि पितळी वाद्यांचे तडफदार तुकडे आहेत. त्याच्या निरर्थक वाटणाऱ्या शब्दांत ‘मला नको’ या अर्थाचे कोकणी शब्दही मिसळलेले आहेत. गिरणी कामगाराचा मुलगा असलेला नट, पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रंपेटवादक अशी ही जुळणी होती.

त्या काळातील ध्वनिमुद्रणाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. संगीतकार चाल गुणगुणून वा पेटीवर दाखवी. गोमंतकीय संयोजक ती स्वरलेखनात उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढी. आणि मग गायकासह सगळा ताफा एकाच वेळी, एका दमात वाजवी. कोणाचाही एक स्वर चुकला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत ट्रंपेटच्या वाट्याला दोन अंतऱ्यांमधील काही सेकंद येत, आणि तेही बहुधा आधी लिहिलेले असत. म्हणजे ज्या उत्स्फूर्ततेसाठी जॅझ वाजवावयाचे, तीच येथे वर्ज्य होती. तबकडीवर नावे छापली जात ती गायक, संगीतकार व गीतकार यांची. वादकाला दिवसाचा मोबदला मिळे. नाव मिळत नसे. चिक चॉकलेटने ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) अशा काही चित्रपटांना स्वतः संगीत दिले, म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे कितीजण केवळ सुरांच्या रूपाने उरले आहेत! गाणे आपल्या तोंडपाठ असते, मधला ट्रंपेटचा तुकडा आपण शिट्टीवरही वाजवितो आणि तो कोणी वाजविला हे विचारण्याचे मात्र आपल्याला कधी सुचत नाही. न्यूझीलंडमधील संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतील अनेक वयोवृद्ध स्टुडिओ-वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे हा प्रश्न रीतसर विचारला गेला.

चित्रपटगीतांबरोबर ट्रंपेट गावोगाव गेला. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविली, तर श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावले. निफाड, लासलगाव, येवला यांसारख्या ठिकाणी लग्नसराईत फिरणाऱ्या बँडनी हीच गीते उचलली. या बँडची वाद्ये बहुधा मीरतेहून येत. तेथील नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून पितळी वाद्ये करीत आली आहे. बँडमधील वादकांना स्वरलेखन येत नसे. ते कानाने ऐकून गाणे बसवीत, आणि वरात लांबली की एकाच ओळीभोवती मनाला येईल तसे घोळत राहत. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी निफाडच्या पेठेतून जाणाऱ्या वरातीत ‘ईना मीना डीका’ वाजू लागले, की बँडमास्तर वाद्य आकाशाकडे उचलून शेवटची ओळ चारचारदा, दर वेळी थोडी वाकवून वाजवी आणि नाचणारे थांबत नसत. हे जॅझ होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरी न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवरील पितळी बँड याहून फार वेगळे नसावेत. ताजमध्ये वाजविणाऱ्या वादकाला कागदावरून सुटून कानाकडे जावे लागले. बँडमास्तर मुळातच कानाकडचा होता. या दोघांची गाठ मात्र कधी पडली नाही. पुढे बँजो पार्टी आणि त्यानंतर ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या व हे बँडही मागे पडले.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी शासनाने जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून परदेशी पाठविले. डिझी गिलेस्पी (१९१७–९३) या आधुनिक जॅझच्या अग्रगण्य ट्रंपेटवादकाच्या १९५६ मधील दौऱ्याचा आरंभ मुंबईत व्हावयाचा होता. भारताच्या अलिप्ततावादी धोरणामुळे तो बेत रद्द झाला आणि दौरा इराणपासून सुरू झाला. मुंबईकर रसिकांची ही हानी पुरती कधी भरून आली नाही. कारण येथील वादकांचे कान त्या वेळी आर्मस्ट्राँगच्या पिढीवर स्थिरावले होते आणि गिलेस्पीची वेगवान, गुंतागुंतीची स्वरभाषा प्रत्यक्ष ऐकण्याची त्यांना नेमकी तेव्हाच गरज होती. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) याचा वृंद दिल्ली, हैदराबाद, मद्रास, मुंबई, कलकत्ता आदी शहरांत वाजवून गेला. त्यात म्यूटच्या वापरासाठी ख्यातनाम असलेला कूटी विल्यम्स आणि अतितार सप्तकात लीलया फिरणारा कॅट अँडरसन हे दोघे ट्रंपेटवादक होते. १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईस येऊन गेला. तीन वर्षांनी चिक चॉकलेट निवर्तला.

त्याच्या समकालीनांपैकी फ्रँक फर्नांड याने निराळी दिशा धरली. १९४६ मध्ये मसुरीस वादनासाठी गेला असता त्याने महात्मा गांधींना पाहिले, आणि परक्यांचे संगीत परक्यांसारखे वाजविण्यात आपले आयुष्य जावे काय, असा प्रश्न त्याला पडला. भारतीय धून व जॅझ यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न त्याने केले. पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजविणाऱ्या ख्रिस पेरी (१९२८–२००२) याने लोर्ना या गायिकेसह मुंबईच्या उपाहारगृहांतील जॅझ कोकणी गीतांत ओतले. या जोडीच्या जीवनाचा आधार घेतलेला ‘नाचुया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट विसाव्या शतकातील त्या गीतांना एकविसाव्या शतकात पुन्हा श्रोते मिळवून देणारा ठरला.

दुसऱ्या बाजूने अमेरिकी वादकही भारतीय संगीताकडे वळत होते. डॉन एलिस (१९३४–७८) या ट्रंपेटवादकाने लॉस अँजेल्स येथे हरिहर राव यांच्याकडे भारतीय तालांचा अभ्यास केला, त्यांच्यासह ‘हिंदुस्थानी जॅझ सेक्स्टेट’ हा वृंद काढला आणि अर्ध्याहून सूक्ष्म स्वरांतरे वाजविता यावीत म्हणून चौथी झडप असलेला ट्रंपेट वापरला. मेनार्ड फर्ग्युसन (१९२८–२००६) हा कॅनडीय ट्रंपेटवादक आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेत काही काळ शिकवीत होता. मुंबईतील रसिकांनी ‘जॅझ इंडिया’ या संस्थेद्वारे, निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने, १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव धोबीतलावाजवळील रंगभवनात भरविला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्याबरोबर क्लार्क टेरी (१९२०–२०१५) हा ट्रंपेट व फ्लुगलहॉर्न वाजविणारा श्रेष्ठ कलावंत येथे वाजवून गेला. रंगभवन खुले होते आणि तिकीट पंचतारांकित हॉटेलातील जेवणापेक्षा स्वस्त होते. विद्यार्थी आणि कारकून जॅझ समोर बसून ऐकू लागले ते येथे. महोत्सव पुढे अनेक वर्षे चालला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णालये व महाविद्यालये यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरून रंगभवनातील संगीताचे मोठे कार्यक्रम थांबले. नियम योग्यच होता. मात्र तशा जातीचे दुसरे खुले सभागृह दक्षिण मुंबईला मिळाले नाही.

चित्रपटसंगीतात १९८० नंतर संश्लेषक वाद्यांचा शिरकाव झाला आणि पितळी वाद्यांच्या रांगा विरळ होत गेल्या. राहुल देव बर्मन यांच्या वृंदात वाजविलेल्या किशोर सोढा यांच्यासारख्या ट्रंपेटवादकांचे वादन जुन्या गीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून नंतरही प्रत्यक्ष ऐकावयास मिळत राहिले, आणि आता निवेदक त्यांची नावे घेऊ लागले. लोअर परळ येथील एका जुन्या गिरणीच्या आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ (२००७–१६) या संगीतगृहाने देशी-परदेशी जॅझवृंदांना नियमित मंच दिला. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र (एन.सी.पी.ए.) जॅझचे कार्यक्रम व महोत्सव भरविते. युनेस्कोने २०११ मध्ये घोषित केलेल्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनी, ३० एप्रिल रोजी, मुंबई व गोव्यात वादने होतात. ट्रंपेटवर जॅझ वाजविणारे भारतीय वादक मात्र पियानो, गिटार वा तालवाद्यांच्या मानाने थोडे आहेत. याचे एक कारण वाद्याच्या स्वभावात आहे : ओठांची घडण रोजच्या कित्येक तासांच्या सरावाने टिकते आणि काही आठवडे सोडल्यास मोडते, तर चाळींच्या व सदनिकांच्या शहरात ट्रंपेटचा सराव शेजाऱ्यांना सोसत नाही. धोबीतलावच्या कुडांत तो सोसला जाई, कारण तेथे शेजारीही वादकच असत.

मुंबईतील जॅझचा सलग इतिहास नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे प्रथम उपलब्ध झाला. त्याबरोबर जुन्या तबकड्यांतील वादनाची सीडीही देण्यात आली होती. चिक चॉकलेटचा ट्रंपेट आज ज्याला ऐकावयाचा असेल त्याने ‘अलबेला’तील त्या नृत्यगीताकडे पुन्हा एकदा वळावे. भगवान आणि गीता बाली यांच्यावरून नजर काढून ती मागील वादकांच्या रांगेवर ठेवावी, आणि झालरीच्या बाह्यांमधून वर उचललेला ट्रंपेट दिसला की गाण्याचे शब्द क्षणभर सोडून द्यावेत.